तोक्योंतील बाळाची वही

मूल परदेशीं वाढूं लागलें म्हणजे भाषा, अन्न, हवा ह्या सर्वांची चिंता आईबापांना असतेच. मायदेशीं राहिलेल्या आजीआजोबांना ती त्याहून अधिक असते. ह्या साऱ्या चिंता एकत्र गोळा होतात त्या बालकाच्या आरोग्य-तपासणीच्या दिवशीं. परका वैद्य, परकी परिचारिका आणि परकें मोजमाप ह्यांच्यापुढें आपलें मूल ठेवावें लागतें, आणि मनांत प्रश्न उभा राहतो कीं, ह्या लोकांच्या मापांत माझें बाळ बसेल काय? कांहीं वर्षांपासून आमचें बिऱ्हाड जपानांत तोक्यो शहरीं आहे. दोन मुलांच्या निमित्तानें तेथील तपासणीची जी पद्धत पाहावयास मिळाली, तिची हकीकत घरोघरच्या वाचकांना, विशेषतः ज्यांचीं नातवंडें दूर देशीं आहेत त्यांना, उपयोगी वाटेल असें समजून ती येथें देत आहें.

तोक्योच्या पूर्व बाजूस एदोगावा नांवाचा विभाग आहे. त्यांतील निशि-कासाई ही वस्ती भारतीयांची म्हणून ओळखली जाते. इ. स. २००० च्या सुमारास संगणकांतील तारखांचा घोटाळा निस्तरण्यासाठीं जे भारतीय अभियंते जपानांत आले, त्यांपैकीं पुष्कळांनीं येथें बिऱ्हाडें थाटलीं. शहराच्या मध्यभागीं नेणारी तोझाई मार्गाची आगगाडी येथून थेट मिळते. २०१९ सालीं तर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ ह्या विभागाच्या प्रतिनिधिसभेवर निवडून आले. वस्तीच्या पश्चिमेस आराकावा नदीचें रुंद पात्र आहे. वास्तविक हा मनुष्यानें खोदलेला प्रवाह होय. १९१० च्या महापुरानंतर शहर वांचविण्यासाठीं तो खोदावयास घेतला आणि १९३० सालीं पुरा केला. त्याच्या बांधावर संध्याकाळीं जपानी आयांच्या बाबागाड्यांमागून एखादी नऊवार नव्हे, पण पांचवार नेसलेली आजी नातवाची गाडी ढकलीत येतांना दिसते, तेव्हां मन क्षणभर मुठेच्या कांठीं जाऊन येतें.

मुलांच्या कांहीं तपासण्या विभागाच्या आरोग्यकेंद्रांत होतात, कांहीं नेमून दिलेल्या दवाखान्यांत. आरोग्यकेंद्राच्या दाराशीं बाबागाड्यांची ओळ लागलेली असते. जोडे बाहेर काढून आंत जावें लागतें, त्यामुळें परकेपणा तेथेंच थोडा कमी होतो. प्रथम घरून भरून आणलेली प्रश्नपत्रिका द्यावयाची. मग बाळाचे सर्व कपडे उतरवून वजन, उंची, डोक्याचा घेर आणि छातीचा घेर. त्यानंतर डॉक्टर पाहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या तपासणींत बाळाचे दोन्ही हात धरून त्याला हळूच उठवितात आणि मान मागें पडते कीं काय तें पाहतात. 'बाळानें मान धरली' ह्या आपल्या घरगुती शब्दांतच ही परीक्षा आली. पाय फांकवून कमरेचे सांधेही पाहतात. तान्ह्याचे पाय सरळ ताणून घट्ट बांधून ठेवणें सांध्यांना अपायकारक असतें, आणि दोन्ही बाजूंस पाय टाकून कडेवर घेणें हितकारक असतें, हें तेथें आयांना आवर्जून सांगतात. आपल्याकडील एक रीत त्यांना मान्य होईल आणि दुसरी होणार नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

ह्या सर्व व्यवस्थेच्या मुळाशीं एक लहानशी वही आहे. तिला जपानींत 'बोशि तेचो', म्हणजे माता आणि बालक ह्यांची वही, असें म्हणतात. स्त्रीनें गरोदरपणाची नोंद सरकारी कचेरींत केली कीं ती तिच्या हातीं पडते. देशी-परदेशी हा भेद नाहीं. १९४२ सालीं ऐन युद्धांत गरोदर स्त्रियांसाठीं अशी वही प्रथम निघाली, आणि ती दाखविली असतां शिधा अधिक मिळे. १९४८ सालीं आईची व मुलाची नोंद एकाच वहींत येऊं लागली. १९६५ च्या कायद्यानें ह्या कार्याला पक्का पाया दिला. आज दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांची तपासणी करणें हें प्रत्येक नगराचें कायद्यानें ठरलेलें कर्तव्य आहे. १९४७ सालीं जपानांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागें सुमारें ७७ मुलें पहिल्या वर्षांत दगावत. आतां तें प्रमाण हजारीं दोनच्या आसपास आहे. हें सारें एका वहीनें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, लसी व औषधें ह्यांचा वांटा मोठा आहे. परंतु हीं साधनें प्रत्येक मुलापर्यंत पोहोंचलीं कीं नाहीं, तें पाहण्याचें काम वहीनें केलें.

ह्या वहीचा विशेष असा कीं, ती रुग्णालयाच्या कपाटांत राहत नाहीं. ती आईपाशीं राहते. डॉक्टर तिच्यांत लिहितात, दंतवैद्य लिहितात, आणि आईनेंही लिहावयाचें असतें. मूल पालथें कधीं पडलें, आधारावांचून कधीं बसलें, पहिलें पाऊल कोणत्या दिवशीं टाकलें, ह्यांसाठीं तींत जागा सोडलेल्या आहेत. आपल्या एकत्र कुटुंबांत ह्या नोंदी आजीच्या स्मरणांत असत. धाकटे काका अकराव्या महिन्यांत चालूं लागले आणि आत्याला दांत उशिरां आले, हें ती न अडखळतां सांगे. परदेशीं आजी नसते. तिचें स्मरण वहींत ठेवावें लागतें.

माझा मुलगा पुण्यास जन्मला आणि चौदा महिन्यांचा असतां, २०१९ च्या मार्चमध्यें, इकडे आला. त्याच्या पुण्याच्या कार्डावरील लसींच्या तारखा तेथील परिचारिकेनें एकेक करून नव्या वहींत उतरून घेतल्या. जपानांत वर्षें बादशहाच्या कारकीर्दीवरून मोजतात. त्यामुळें २०१८ सालचा त्याचा जन्म 'हेइसेइ ३०' ह्या वर्षांत पडला, आणि नवे बादशहा १ मे २०१९ रोजीं गादीवर आल्यामुळें दीड वर्षाची तपासणी 'रेइवा १' ह्या वर्षांत झाली. हें सासूबाईंना सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "त्यांत काय नवल? मी त्याचा जन्म शके १९३९ च्या माघांतलाच धरतें."

वहीच्या पानांवरून जुन्या माणसांचें शहाणपण आणि नवें शास्त्र किती जवळ येतात, त्याचें एक उदाहरण देतें. २०१२ पासून प्रत्येक वहींत सात रंगांची एक पट्टी असते. बाळाच्या शौचाचा रंग तिच्याशीं ताडून पाहावयाचा. रंग पांढरट, फिकट असेल तर पित्तनलिका बंद असण्याचा संभव असतो, आणि तेव्हां एक दिवसही दवडतां कामा नये. कारण त्यावरील शस्त्रक्रिया जन्मापासून साठ दिवसांच्या आंत झाली तर तिचा गुण अधिक येतो. ही शस्त्रक्रिया जपानी शल्यवैद्य मोरिओ कासाई ह्यांनीं शोधून काढली व १९५९ सालीं प्रसिद्ध केली. आमच्या वस्तीच्या नांवाशीं त्यांच्या नांवाचें साम्य आहे एवढेंच. वस्तीशीं त्यांचा संबंध नाहीं. आपल्या घरांतून आजी रोज सकाळीं लंगोट उघडून पाहत असे आणि सुनेला विचारीत असे, तें उगीच नव्हे. जपान्यांनीं तिच्या नजरेला रंगांची पट्टी जोडून दिली.

माझी मुलगी तोक्यो येथें जन्मली. तिच्या माकडहाडापाशीं निळसर डाग होता, जसा आपल्याकडील पुष्कळ बालकांना असतो. कित्येक पाश्चात्य देशांत असा डाग पाहून मुलाला मार लागला कीं काय, अशी शंका घेतली गेल्याचीं उदाहरणें आहेत. जपानांत तो घरोघरचा. कच्च्या, अननुभवी माणसाला तेथें 'ह्याचें बूड अजून निळें आहे' असें म्हणतात. क्षयप्रतिबंधक बी. सी. जी. लसीची रीत मात्र निराळी. आपल्याकडे जन्मतांच दंडावर एक टोंचणी होते व एक वाटोळा व्रण राहतो. जपानांत तीच लस मूल कांहीं महिन्यांचें झाल्यावर नऊ सुयांचा ठसा दोनदां उमटवून देतात. म्हणून आमच्या एका मुलाच्या दंडावर एक खूण आहे, दुसरीच्या दंडावर अठरा. रोग एकच, संरक्षण एकच.

आतां मापाची गोष्ट. वहींत वजनउंचीचा एक पट्टा छापलेला असतो. शंभरांतील चौऱ्याण्णव मुलें त्या पट्ट्यांत येतात. म्हणजे अगदीं निरोगी मुलांपैकींही शेंकडा तीन खालच्या रेषेच्या खालीं असावयाचींच. माझा मुलगा त्या रेषेला लागून चालला होता, आणि घरीं दूरध्वनीवर 'वजन किती भरलें?' हा प्रश्न दर रविवारीं होता. तेथील डॉक्टरांनीं मागचे सर्व ठिपके जोडून दाखविले आणि सांगितलें, "एक ठिपका पाहूं नका, रेघ पाहा. ती चढती आहे." जागतिक आरोग्यसंघटनेनें २००६ सालीं जीं मापें प्रसिद्ध केलीं, तीं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांतील मुलें मोजून ठरविलीं आहेत, आणि चांगलें पोषण मिळालें तर लहानपणीं सर्व देशांचीं मुलें जवळजवळ सारखींच वाढतात, असें त्यांत आढळून आलें. तेव्हां देश परका असला तरी माप तितकें परकें नसतें.

खरी धास्ती वाटली ती बोलण्याची. दीड वर्षाच्या तपासणींत चित्रांचा तक्ता पुढें धरून 'कुत्रा कोणता?' असें विचारतात, आणि मूल बोट दाखवितें कीं नाहीं तें पाहतात. जपानी मुलें कुत्र्याला 'वानवान' म्हणतात. परिचारिकेनें तो शब्द दोनदां उच्चारला. चिरंजीव स्वस्थ बसून होते. मूल मागें पडलें कीं त्याला भाषाच कळली नाहीं, हें त्या क्षणीं ठरविणार कोण? परिचारिका माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "घरीं काय म्हणतां, तें आपणच विचारा." मीं विचारलें, "भूभू कुठें आहे?" आणि लगेच बोट कुत्र्यावर गेलें. तिनें वहींत खूण केली आणि मला त्याचे मराठी शब्द मोजावयास सांगितलें. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजावयाचे असतात, आणि दोन भाषांमुळें मूल मुकें राहत नाहीं, हें तिनें समजावून सांगितलें. घरची भाषा सोडूं नका, असेंही वर बजावलें. ज्या घरांतून मुलाच्या भल्यासाठीं म्हणून मराठी बंद केली जाते, त्यांनीं हा सल्ला अवश्य ध्यानांत घ्यावा.

तीन वर्षांच्या तपासणीचा कांहीं भाग घरींच करावयाचा असतो. कान पाहण्यासाठीं सहा चित्रें मांडून आईनें तोंड झांकून कुजबुजत एकेक नांव घ्यावयाचें. कुत्रा, जोडा, छत्री, हत्ती, मांजर, खुर्ची हीं तीं चित्रें. जपानींत हीं सहाही नांवें सारख्या लांबीचीं, दोन-दोन मात्रांचीं आहेत, म्हणजे लांबीवरून मुलाला अंदाज बांधतां येत नाहीं. मराठींतही तीं सहाही दोन-दोन उच्चारांचींच निघालीं, ह्याची मोठी मौज वाटली.

परंतु वहींतील सर्वांत मोलाचा प्रश्न मुलाविषयीं नाहींच. वयाच्या प्रत्येक टप्प्यावर तींत आईला विचारलेलें असतें: मुलाच्या संगोपनांत आपणांस अवघड वाटतें काय? सल्ला विचारावयास कोणी आहे काय? २०२१ सालीं माझी मुलगी जन्मली, तेव्हां महामारीमुळें जपानच्या सीमा बंद होत्या. आई येऊं शकली नाहीं, सासूबाईही नाहींत. बाळंतिणीची खोली, शेक, डिंकाचे लाडू हें सर्व दूरध्वनीच्या पडद्यापलीकडे राहिलें. बाळ दीड महिन्याचें असतां विभागाची परिचारिका ठरल्याप्रमाणें घरीं आली. तिनें बाळाचें वजन केलें, वही उघडली आणि तोच प्रश्न मला तोंडीं विचारला. माझ्या डोळ्यांना पाणी आलें. तिनें घाई केली नाहीं. चहा थंड होईपर्यंत बसून राहिली, आणि पुढच्या आठवड्यांत पुनः आली. बाळाचें वजन उत्तम होतें. तपासणी त्या दिवशीं माझी झाली.

एकत्र कुटुंबांत सल्ला देणारीं माणसें दहा असतात. पण 'तुला अवघड जातें काय?' असें बाळंतिणीला विचारणारें त्यांत एक तरी असतें काय? परदेशीं सल्लागार नसतात, म्हणून सरकारनें तो प्रश्न छापून ठेवला. आपल्याकडेही माता-बाल संरक्षण कार्ड मिळतें. तें लस टोंचण्यापुरतें बाहेर न काढतां घरांतल्या वडील माणसांनीं वाचावें, भरावें व जपून ठेवावें. ज्यांचीं मुलेंसुना दूर देशीं आहेत, त्यांनीं जातांना त्या कार्डाची प्रत सामानांत अवश्य द्यावी, आणि दूरध्वनीवर बोलतांना नातवाच्या वजनाची चौकशी दुसऱ्यानें करावी. पहिली चौकशी त्याच्या आईची असावी.