पार्सल, रात्रपाळी आणि बी.एस्सी. नर्सिंग

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, पार्सल दिल्लीहून निघायचं आणि पोस्टमन ते थेट रुग्णालयात आणून द्यायचा. घरी आम्ही सापडणार कधी? सुतळी तोडून पुस्तकं बाहेर काढली की वॉर्डातल्या मावशीसुद्धा हात पुसून बघायला यायच्या. एकेका विषयाची पातळ पातळ पुस्तकं असायची, त्यांना ‘ब्लॉक’ म्हणायचं. जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेऊन नोकरीला लागल्यावर पुन्हा पुस्तक हातात धरायचं, तेही इंग्रजीतलं, ही बीड जिल्ह्यात तेव्हा नवलाची गोष्ट होती.

इग्नूनं 1994 मध्ये नोकरीतल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग सुरू केलं. त्याआधी पदवी हवी तर अभ्यासरजा काढून मोठ्या शहरात जाऊन राहायचं. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज 1964 पासून होतं, पण केज-धारूरच्या सुनेला ते लंडनइतकंच लांब. आमच्या अंबाजोगाईत 1974 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, आशियातलं अशा प्रकारचं पहिलं म्हणून त्याचा लौकिक. जिल्ह्यात डॉक्टर घडत होते, नर्सला मात्र पदवीसाठी मुंबई-पुण्याकडे बघावं लागे. सासू-सासरे, शाळेत जाणारी मुलं आणि तीन पाळ्यांची नोकरी सांभाळून पदवी घेता येईल, असं सांगणारा पहिला कागद आम्हाला त्या पार्सलातून मिळाला.

अभ्यास व्हायचा रात्रपाळीत. दोनच्या इंजेक्शनांची फेरी झाली, सलाइनचे थेंब बघून झाले, की टेबलावर ब्लॉक उघडायचा. वीज गेली की मेणबत्ती. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, परिचर्या प्रशासन. संख्याशास्त्राची धास्ती सगळ्यांनाच. स्वाध्याय फुलस्केपवर हातानं लिहायचे, दोऱ्यानं टाचायचे, रजिस्टर पोस्टानं पाठवायचे आणि पावती पर्समध्ये जपून ठेवायची. तपासून आलेल्या पानांच्या समासात समुपदेशकाच्या चार ओळी असायच्या. पत्र आल्यासारख्या त्या आम्ही पुन्हा पुन्हा वाचायचो.

एक स्वाध्याय मला आजही आठवतो. बाळंतिणीचा परिचर्या आराखडा लिहायचा होता. मी घेतली ती वॉर्डातलीच ऊसतोड करणारी बाई, रक्त अगदी कमी, बाळ वजनानं हलकं. पुस्तकातला तक्ता सरळ होता: समस्या, उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन. कृतीच्या रकान्यात मी लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, खजूर, विश्रांती असं लिहिलं आणि तेच तिला समजावून सांगायला गेले. ती ऐकून घेत म्हणाली, “सिस्टर, खाईन की खजूर. पण मुकादमाची उचल घेतलीय, दिवाळी झाली की टोळी निघणार. कोयता माझ्यावाचून कसा चालंल?” नवरा-बायको मिळून एक कोयता, हा इथला हिशेब. ती थांबली तर अर्धा कोयता थांबला आणि उचल अंगावर राहिली. मी परत टेबलाशी आले आणि रकाना खोडून नव्यानं लिहिला: गोळ्यांचा साठा सोबत, पुढच्या तपासणीची नोंद कार्डावर, कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते तिच्या नवऱ्याला सांगणं. समाजआरोग्य हा विषय मला त्या रात्री कळला. कॉलेजच्या बाकावर बसून तो इतका कळला असता असं मला वाटत नाही, कारण तिथं ती बाई समोर नसती.

संपर्क वर्गासाठी पुण्याला जायचं. रात्रीची एसटी, केज, मांजरसुंबा, जामखेड करत उजाडता पोचायची. सोलापूर, लातूर, नांदेड, उस्मानाबादच्या सिस्टर एका खोलीत सतरंज्या टाकून राहायच्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयात प्रात्यक्षिकाला गेलो, तेव्हा आमच्यातल्या पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या बायाही दारात थबकल्या होत्या. रात्री डबे उघडले की लातूरची चटणी इकडं, बीडची भाकरी तिकडं. आणि कुणाच्या रुग्णालयात काय चालतं, कुठली अधिसेविका रजा देते, हे सगळं बोलणं.

आता बीडला रेल्वेसुद्धा आली. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरची गाडी सुटली, तेव्हा आमच्या पिढीच्या डोळ्यांत पाणी आलं. अभ्यासाची वाट तर त्याआधीच सोपी झाली. इग्नूचे ब्लॉक ई-ज्ञानकोशावर मोबाइलमध्ये उघडतात, व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, शंका व्हॉट्सअॅपच्या गटात टाकली की दहा मिनिटांत उत्तर येतं. पदवीला पदही आहे. 2018 नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, तिथं बी.एस्सी. झालेली नर्स समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसते. आम्हाला हे स्वप्नातही नव्हतं. आजच्या मुलींना जे सहज मिळतं, त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण रात्री दोन वाजता टेबलाशी मिळणारा तो तास त्यांना मिळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात 3 खाटांमागे 1 परिचारिका असा आहे, आणि वॉर्डात गेलं की एकीच्या अंगावर अख्खा वॉर्ड दिसतो. त्यात ऑनलाइन नोंदी, पोर्टल, अहवाल. पुस्तक खिशात आलं, वाचायची सवड गेली. आम्ही किलोमीटर मोजायचो, या मुली मिनिटं मोजतात. त्यांचं शिक्षण आमच्यापेक्षा सोपं आहे, असं म्हणणाऱ्यानं एकदा त्यांची पाळी करून पाहावी.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ‘घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात आणि कष्टाच्या पगारातले पैसे त्यात जातात. भारतीय परिचर्या परिषद दूरशिक्षणातली एम.एस्सी. नर्सिंग मान्य करत नाही. आमच्या पदवीत निदान रुग्णालयातलं प्रात्यक्षिक होतं, लॉगबुकवर सह्या होत्या, पर्यवेक्षक होते. नुसत्या कागदाला कुणी नर्सिंग म्हणू नये.

म्हणून शिकणाऱ्या मुलींना सांगते, पैसे भरण्याआधी परिषदेची मान्यता तपासा, एकदा नव्हे, दोनदा. आणि अधिसेविका, वैद्यकीय अधीक्षक यांना विनंती आहे: तुमच्या रुग्णालयातली एखादी सिस्टर शिकत असेल, तर तिच्या संपर्क वर्गाचे दिवस कर्तव्यावरचे धरा आणि परीक्षेच्या महिन्यात, जून असो की डिसेंबर, तिला सलग रात्रपाळ्या लावू नका.