नाळेपासून तिसरी

करवतीचे दहा-बारा हात मारले असतील, तोच घरभर मुशीच्या तेलाचा वास सुटला. डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेर पावसाची झड, खिडक्या बंद. हे आतल्या खोलीतून उठून आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "हा तर तुझ्या मामाकडचा वास." लग्नानंतर जेमतेम चार-पाच वेळा ते माझ्या आजोळी आले असतील, पण वास त्यांच्याही नाकात राहिला होता.

मामाचा मचवा मोडला. मामेभावाचा फोन आला तेव्हा मी मोदकपात्रावर झाकण ठेवत होते. "ताई, किनारो साफ करतहत. आपलो मचवो काढूक लागतलो. लाकूड जळणाक जातला. तुका तुकडो व्हयो काय?" मी लगेच हो म्हटलं. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून विजयदुर्गात पाऊस किती झाला ते विचारलं. आठ दिवसांनी कोकण रेल्वेनं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तांदळाच्या पोत्यात गुंडाळलेला हातभर लांबीचा ऐनाचा तुकडा आला. वर राखाडी, खवल्याखवल्यांचा. एका अंगाला लांब फट, नख सहज आत जाईल एवढी.

मोदकपात्रात मोदक नव्हते, सागाच्या पट्ट्या होत्या. पाच मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, मग दहा मिनिटं वाफेवर ठेवायच्या, आणि हाताला चटका बसत असतानाच जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, वळवायच्या. दोन वर्षं मी हेच करते आहे. माझ्या टेबलावर एका फ्रिगेटचा सांगाडा आहे, खऱ्या जहाजाच्या शहाण्णवाव्या हिश्शाचा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हातापेक्षा थोडा मोठा. खाली पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, त्यावर उभ्या प्लायवूडच्या बरगड्या, आणि त्या बरगड्यांवर एकेक फळी चढवायची. येणारे-जाणारे त्याला शोपीस म्हणतात. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात तुटतं. काम चालू असलेल्या होडीला आमच्या खाडीवर कुणी असा शब्द वापरला असता तर मेस्त्रीनं त्याला वाळूवर उभं राहू दिलं नसतं.

मी दहा वर्षांची होते. मे महिना. मामाचा मचवा वाघोटणच्या खाडीकाठी, उंडीच्या झाडाखाली उभा राहत होता. आराखडा नव्हता, कागद नव्हता. मेस्त्री एक डोळा मिटून नाळेकडे बघायचा आणि मग बरगडीवर तासणी चालवायचा. फळी वाकवायची म्हणजे खाली करवंट्यांचा जाळ, वरून ओल्या फडक्यानं पाणी, आणि फळीच्या टोकाला बांधलेला दोर हळूहळू ओढत न्यायचा. तो दोर जमिनीत ठोकलेल्या खुंटाभोवती दोन वेढे देऊन घेतला होता, त्यामुळे पोरीच्या हातांनाही पेलत होता. मामा दुसऱ्या टोकाला खिळे ठोकत होता. मेस्त्रीनं दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "चेडवा, ह्या धरून रव. मी सांगीपर्यंत सोडू नको."

मी धरलं. काथ्याचा दोर तळव्यात रुतत होता, धुरानं डोळे चुरचुरत होते. आणि तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला. त्या दिवशी बाबा मुंबईहून येणार होते.

मी सोडलं.

दोर खुंटावरून सर्रकन सुटला, फळी उसळली, आणि नाळेकडचं टोक असं काही फाटलं की तो आवाज मला अजून ऐकू येतो. कपडा फाटावा तसा लांब, आणि शेवटी एक कोरडा टाक. मेस्त्री काही बोलला नाही. जाळ पायानं पसरला, खाली बसला, विडी शिलगावली. मामानं फळीवरून हात फिरवला. संध्याकाळी आजीनं विचारलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "फळी कच्ची होती."

फळी कच्ची नव्हती. मेस्त्रीनं स्वतः निवडून आणलेली होती. फाटलेला भाग कापून दुसऱ्या दिवशी तिथे आखूड तुकडा बसवला, आतून पाठीला आधाराची फळी दिली. डाव्या अंगाला, नाळेपासून तिसरी. पुढे कित्येक वर्षं मी किनाऱ्यावर गेले की मचव्याच्या त्याच अंगाला जाऊन उभी राहायची. मुशीच्या तेलाचे थरावर थर चढले, तरी तो सांधा मला दिसायचा. मामालाही दिसत असणार. तो त्याबद्दल एकदाही बोलला नाही.

आता टेबलावरच्या जहाजाचं सांगायला हवं. त्याचं नाव ट्रिंकोमाली. मी फोर्टातल्या एका कचेरीत एकोणतीस वर्षं नोकरी केली. जेवणाच्या सुट्टीत लायन गेटच्या बाजूनं, नौदलाच्या गोदीच्या भिंतीकडेनं चालत जायची सवय होती. त्या भिंतीमागे काय बांधलं गेलं होतं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले, आणि पुढची दीडेकशे वर्षं त्यांच्या घराण्यानं या गोदीत जहाजं बांधली. कॉर्नवॉलिस हे जहाज इथलंच. १८४२ मध्ये नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. ट्रिंकोमाली कॉर्नवॉलिसनंतर बांधलेली, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातची. तिचे आराखडे इंग्लंडहून जावा नावाच्या जहाजातून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेनं जावाचा पाडाव केला, आणि ते आराखडे मुंबईला पोचलेच नाहीत. दुसरी प्रत यावी लागली. १२ ऑक्टोबर १८१७ ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. मलबारी सागाची, ३८ तोफांची फ्रिगेट. सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे त्यात लोखंडाचा खिळा टिकतो. विलायती ओकमध्ये आम्ल असतं, ते खिळ्याला हळूहळू खातं. ती आजही तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत. मधली नव्वदेक वर्षं तिला दुसऱ्याच नावानं हाक मारत. १९९२ मध्ये तिचं नाव तिला परत मिळालं.

मुलगा न्यूकॅसलला असतो, म्हणून मी तिथवर पोचले. खालच्या मजल्यावर वाकून जावं लागतं. मी आतल्या लाकडावर तळवा टेकला आणि बराच वेळ उचलला नाही. मुलाला वाटलं, आईला चक्कर येते आहे. माहितीच्या फलकांवर सेनानींची नावं होती, वाडियांचं होतं, तोफांची वजनं होती. ज्यांनी ही फळी जाळावर धरली त्यांचं एकही नाव नव्हतं. सुरतेचे सुतार असतील, कोकणातले असतील, मुंबईच्या कोळीवाड्यातले असतील. हा राग मी तिथून घेऊन आले. तो चांगला आहे की वाईट, याचा विचार मी केलेला नाही. घरी आल्यावर मी आराखडे मागवले आणि प्लायवूड कापायला घेतलं.

फळ्या चढवण्याची गंमत अशी की मधल्या बरगडीला वळसा घालायला जेवढ्या फळ्या लागतात, तेवढ्याच नाळेपाशी बसवायच्या असतात, आणि नाळेपाशी जागा निम्मी. म्हणून प्रत्येक फळी पुढे निमुळती करत न्यायची. पण अर्ध्याहून अरुंद केली तर खिळ्याला जागा उरत नाही. मागे सुकाणूपाशी उलटं. तिथे जागा जास्त पडते, मग दोन फळ्यांमध्ये पाचरीसारखी तिसरी घालावी लागते. आणि एक फळी डावीकडे लावली की पुढची उजवीकडेच. एकाच अंगाला चार लावल्या तर त्यांच्या ओढीनं पठाण पिळतं, आणि एकदा पिळलं की ते सरळ होत नाही. हे मला पुस्तकानं शिकवलं. मामाच्या मचव्यावर मेस्त्री दिवसातून चार वेळा या अंगावरून त्या अंगाला का जायचा, ते मला साठीनंतर कळलं.

गोंद लावल्यावर फळी नाळेवर बोटानं दाबून धरायची असते. चिमटे मिळतात, पण नाळेच्या गोलाईवर ते घसरतात, आणि खरं सांगायचं तर मला ते नको वाटतात. वीस मिनिटं. अंगठ्याच्या पेरात कळ येते. दाराची बेल वाजते, फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते. मी हलत नाही. ह्यांना आता सवय झाली आहे, ते गॅस बंद करतात, दार उघडतात. एकदा मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ह्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि मी फळी धरूनच नातवाशी बोलले. डाव्या अंगाची तिसरी फळी लावताना तर मी त्यांना सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी मला हाक मारू नका. ती नीट बसली. मी पस्तीस मिनिटं धरली होती.

मामा शेवटी आजारी होता तेव्हा मी गेले होते. पावसाळा संपत आला होता. मचवा तेव्हाच खाडीवर उपडा पडलेला होता. फायबरच्या बोटी आल्या होत्या, लाकडाला दरवर्षी तेल चोळायला घरात कुणी उरलं नव्हतं. मामाला बोलायला त्रास होत होता, पण त्यानं विचारलं, "बघून इलंस?" मी म्हटलं, "इलंय." त्या वेळी सांगायला हवं होतं. दोर माझ्या हातून सुटला नव्हता, मी सोडला होता, हे दोन शब्दांचं काम होतं. मी त्याच्या उशाशी बसून पेज भरवली आणि बाजारभाव सांगितले. बाहेर अंगणात उंडीची फळं पडत होती, टप टप. आजी त्यांचं तेल काढून दिव्याला वापरायची. त्या तेलाचाही एक वास असतो, कडवट. तो मामाच्या खोलीत होता का, ते आठवायचा मी परवापासून प्रयत्न करते आहे.

मला त्या ऐनाच्या तुकड्यातून एक पट्टी काढायची होती. फार नको, बोटभर. ट्रिंकोमालीच्या डाव्या अंगाला लावायची होती. पण करवत अर्ध्यात गेली आणि कशावर तरी घासून अडकली. पातं काढून बघितलं तर आत खिळा. वरून कुठे दिसत नव्हता. त्याच्याभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलं होतं, आणि त्या काळ्या वर्तुळात खिळ्याचा जेमतेम काडीएवढा गाभा उरला होता. मी पक्कडीनं धरून बघितला. हलला नाही. हा कुठल्या फळीचा तुकडा आहे, उजव्या अंगाचा की डाव्या, ते मामेभावाला माहीत नव्हतं. मीही पुन्हा विचारलं नाही. मामानंच ठोकला असणार तो खिळा. मी करवत पुसून ठेवली.

तुकडा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, वास जरा कमी व्हावा म्हणून. दोन रात्री झडीत राहिला. मामा मचवा पावसाळ्यानंतर पाण्यात ढकलायचा तेव्हा पहिले एक-दोन दिवस तो सगळीकडून गळायचा. आम्ही पोरं डबे घेऊन पाणी उपसायचो, आणि मामा नाळेवर शांत बसलेला असायचा. "लाकूड तानेला हा," म्हणायचा. "पियांदे." तिसऱ्या दिवशी आत थेंब यायचा नाही.

आज सकाळी तुकडा उचलला. जड झाला होता. वरचा राखाडी रंग जाऊन आतला तपकिरी दिसत होता. फटीवर नख ठेवलं तर आत जाईना. ह्यांनी विचारलं, आता घरात घ्यायचा का. मी म्हटलं, राहू दे अजून, पाऊस आहे तोवर.