घाटाखालचा समुद्र

इंदूरमध्ये दगड म्हणजे काळा दगड. घराचा पाया खणा, बोअर मारा, शहराबाहेरच्या गिट्टीच्या खदानीत डोकावा, सगळीकडे तोच बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचा. पाताळपाणीच्या कड्यात त्याचे एकावर एक चढलेले थर दिसतात. त्यांच्याखाली काय आहे ते बघायचं, तर माळव्याचं पठार सोडून धार जिल्ह्यात, नर्मदेच्या बाजूला उतरावं लागतं.

आम्ही चार-पाच दगडवेडी मंडळी दर हिवाळ्यात बाग-कुक्षीकडे जातो. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतलं. पहाटे निघायचं, धारला पोहे-जलेबी खायची आणि विंध्य उतरायचा.

बागची लेणी लोक चित्रांसाठी बघतात. मी आधी भिंत बघते. हा निमाड वालुकाश्म, कोरायला मऊ. मात्र त्याच्या डोक्यावर चिकणमातीचा थर आहे. पाणी धरणारा, ठिसूळ. त्यातून झिरपलेल्या पाण्याने खांब खचले, छतं कोसळली. उरलेली चित्रं अखेर भिंतीवरून सोडवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावी लागली. ज्या खडकाने कोरणाऱ्यांचे कष्ट वाचवले, त्याच्याच डोक्यावरच्या थराने पुढे चित्रांचा घात केला.

लेण्यांपासून पुढे नाल्यानाल्याने चढत गेलं की वालुकाश्म संपतो आणि चुनखडी लागते. इथे मला गुडघे टेकून बसायला आवडतं. एका पिवळसर-तांबूस फळीवर दोन-तीन मिलीमीटर जाडीच्या असंख्य फांद्या उघड्या पडलेल्या असतात, मोडलेल्या, एकमेकींत अडकलेल्या. प्रवाळ वाटतं, पण ते ब्रायोझोआ, समुद्रात वसाहती करून राहणारे बारीक जीव. भिंग लावलं की फांदीवर त्यांच्या खोल्यांची छिद्रं दिसतात. शेजारी शिंपल्यांचे तुकडे, एखादा सी-अर्चिन, नशीब असेल तर अमोनाइटच्या वेटोळ्याचा अर्धा भाग. समुद्रापासून इतक्या दूर! साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र आत शिरला होता, त्याचा हा तळ.

हे थर क्रमाने लावून १८८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत मांडले ते प्रमथनाथ बोस यांनी. पुढे जमशेदजी टाटांना मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल कळवणारे तेच. लोखंडामुळे त्यांचं नाव राहिलं. देवळा आणि चिराखान या धारमधल्या खेड्यांची नावं त्यांच्यामुळे भूशास्त्रात गेली, हे इंदुरात फार कुणाला ठाऊक नाही. मला याची खंत वाटते.

समुद्र ओसरला. लाव्हा यायच्या सुमारास इथे उथळ पाणथळ जागा होत्या आणि त्यांच्या काठी टायटॅनोसॉर जातीचे अवाढव्य डायनोसॉर अंडी घालायला येत. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी या पट्ट्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. घरटी इतकी दाटीने होती की मोठ्या जनावराला त्यांच्यामधून वावरणं अवघड. आई बहुधा अंडी घालून निघून जात असावी. इथल्याच पाडल्या गावाजवळच्या एका घरट्यात तर अंड्याच्या आत अंडं मिळालं, जे पक्ष्यांत कधीमधी घडतं.

त्याच पाडल्याकडच्या शेतांमध्ये गोल दगड काकड भैरव म्हणून पुजले जात. ते अंड्यांचे जीवाश्म असल्याची बातमी २०२३ च्या डिसेंबरात देशभर गाजली. काही जण त्यावर हसले. मला ते हसणं रुचलं नाही. शिवेवर ठेवून, नारळ फोडून, पिढ्यानपिढ्या कुणी ते दगड फेकू दिले नाहीत. सरकारने या भागात जवळपास ९० हेक्टरांचं जीवाश्म राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं आहे. तरी घरटी कुंपण बघून घातलेली नव्हती. कितीतरी शेतांत, पाऊलवाटांत आहेत.

एका वाटेवर मी पाय टाकणार इतक्यात गावातला मुलगा ओरडला, "बाईजी, उधर नहीं, अंडा है!" खडकात अर्धगोल कड दिसत होती, कवच जेमतेम दोन मिलीमीटरचं. भिंगाखाली त्यावर खसखस पेरल्यासारखे बारीक उंचवटे दिसले. आमच्यातल्या एकाने सुचवलं, "सुटतंय, नेऊ या का?" मी ठाम नाही म्हटलं. कपाटातलं अंडं एवढंच सांगतं की ते अंडं आहे. शेजारी किती होती, मधलं अंतर किती, कोणत्या थरात होतं, ते सगळं जागेवरच कळतं. त्या २५६ अंड्यांचा अभ्यास झाला तो ती तिथेच होती म्हणून.

मुलाला मी फोटो कसा काढायचा ते दाखवलं. मापासाठी शेजारी काहीतरी ठेवायचं, उत्तर दिशा लिहायची, हलवायचं नाही. पावसाळ्यात नाल्यांच्या कडा ढासळतात आणि नवं काही उघडं पडतं, तेव्हा तो व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. गेल्या खेपेला अंड्याशेजारी त्याने शाळेची पट्टी ठेवली होती. व्यास सोळा सेंटिमीटर.