पावणेपाच ते साडेपाच

मुलामुलींनो, 'माझा दिनक्रम' हा निबंध तुम्हीही कधीतरी लिहिला असेल. लिहिताना कंटाळाही आला असेल. शिरड शहापूरच्या शाळेत मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते आणि दरवर्षी हा निबंध लिहून घेते. मुले लिहितात, मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते आणि वह्या परत देते. यंदा मात्र वह्या तपासताना माझे लक्ष वेलांट्यांवरून उडाले.

सहावीच्या मुलांच्या बहुतेक निबंधांत एक वाक्य ठरलेले होते : 'संध्याकाळी मी मित्रांबरोबर खेळतो.' मग मुलींच्या वह्या हाती घेतल्या. 'शाळेतून आल्यावर मी पाणी भरते.' 'अम्मी शेतातून येईपर्यंत मी पीठ मळून ठेवते.' 'मी दादीचे पाय चेपते.' सतरा मुलींपैकी फक्त दोघींच्या वहीत 'मी खेळते' होते, आणि तेही रविवारपुरते. एकीने लिहिले होते, 'संध्याकाळी मी भावाला खेळवते.' मी सवयीने 'खेळवते'तल्या 'व'वर लाल शाईची फुली मारली आणि वर 'भावाबरोबर खेळते' असे दुरुस्त केले. वही मिटली आणि मग ध्यानात आले, की चूक मुलीची नव्हती, माझी होती. तिला जे म्हणायचे होते तेच तिने अगदी शुद्ध मराठीत लिहिले होते. ती खेळत नव्हती, खेळवत होती.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवले, की या मुलींना काहीतरी खेळायला शिकवायचे. काय, ते शाळेच्या लोखंडी कपाटाने ठरवले.

सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या राज्यात एक मोठा कार्यक्रम झाला होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भारतात होणार होती आणि तिचे काही सामने नवी मुंबईला होते. त्यानिमित्त १५ सप्टेंबर या एकाच दिवशी महाराष्ट्रातील दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा असे ठरले आणि शाळाशाळांना फुटबॉल वाटण्यात आले. तसलेच दोन फुटबॉल आमच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे, सुकलेल्या लिंबासारखे बसून होते. आतापर्यंत कुणालाच त्यांची आठवण झाली नव्हती. मलाही नाही.

दोन्ही फुटबॉल पिशवीत घालून मी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार चाचांनी पिन हातात घेतली, ती पाण्यात बुडवली आणि म्हणाले, "बाजी, कोरडी पिन कधी खुपसायची नाही. आतलं ब्लॅडर फाटतं." त्यांनी हवा भरली. एक फुटबॉल टणक झाला, दुसरा सुस्कारा टाकून पुन्हा बसला. म्हणजे भांडवल एका फुटबॉलचे!

बी.एड.ला असताना आम्हांला प्रत्येक पाठाचे टाचण काढावे लागे. उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, मूल्यमापन. तेव्हा मला त्याचा फार वैताग येई. पण सवय जात नाही. मी नवी वही घेतली आणि फुटबॉलचे टाचण काढू लागले. मी स्वतः आयुष्यात कधी चेंडूला लाथ मारलेली नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून आधी वाचायला बसले.

वाचता वाचता पहिली गोष्ट कळली ती चेंडूची. मोठी माणसे खेळतात तो पाच नंबरचा फुटबॉल. त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. आमच्या कपाटातला तोच होता. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबरचा असतो, घेराने लहान आणि सुमारे साठ ग्रॅमने हलका. साठ ग्रॅम म्हणजे एक अंडे, पण नवख्या पायाला ते कळते. तेव्हा दोन चार नंबरचे फुटबॉल विकत घ्यायचे, असे साहित्याच्या रकान्यात लिहिले. दुसरी गोष्ट अशी, की लहानांना रांगेत उभे करून एकेकीला चेंडू मारू देणे ही शिकवण्याची वाईट पद्धत आहे. रांगेतल्या मुलीच्या पायाला चेंडू पाच मिनिटांतून एकदा लागतो. त्यापेक्षा चार-चार जणींचे छोटे संघ करावेत, मैदान छोटे आखावे, गोलरक्षक नको. मग चेंडू सगळ्यांकडे फिरतो. आणि डोक्याने चेंडू मारायला लहानांना शिकवूच नये. अमेरिकेत दहा वर्षांखालील मुलांना २०१६ पासून तशी मनाई आहे.

हे सगळे शिकवणार कोण, या विचारात असताना अंजू तुरंबेकर यांच्याविषयी वाचले. त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळ या खेड्यातल्या. खेळाडू झाल्या, मग प्रशिक्षक झाल्या, आशियाई फुटबॉल महासंघाचे 'ए' दर्जाचे प्रशिक्षकपद मिळवले आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात बालगटाच्या फुटबॉलच्या प्रमुखही झाल्या. गडहिंग्लजला फुटबॉलची जुनी परंपरा आहे, हे खरे. आमच्याकडे नाही. शिरड शहापूरला लोक येतात ते मल्लिनाथ भगवानांच्या जैन मंदिराच्या दर्शनाला, आणि शिवारात हळद, कापूस, सोयाबीन. तरी पण एका खेड्यातली मुलगी एवढे करते, तर दुसऱ्या खेड्यातल्या शिक्षिकेने निदान शिवाशिवी आणि चेंडू यांची सांगड घालायला काय हरकत आहे? माझ्या टाचणात पहिली दहा मिनिटे शिवाशिवीचीच आहेत. ती मला येते.

इथपर्यंत सारे सोपे होते. खरी अडचण वेळापत्रकाची निघाली.

सकाळी सराव घ्यावा असा माझा पहिला बेत होता. पण सकाळी मुली अरबी शिकायला जातात, तेथून येऊन घरचे झाडू-भांडी करतात आणि धावतपळत शाळा गाठतात. दुपारच्या सुटीत ऊन. रविवारी कपडे धुणे. मी मुलींना फळ्यावर त्यांचा दिवस मांडायला सांगितला, तासातासाचा. फळा भरला. मोकळा चौकोन एकही नाही. आमची शाळा साडेचारला सुटते. थंडीत पावणेसहाच्या आसपास मगरिबची अजान होते, आणि त्याआधी मुलगी घरात हवी, असा सगळ्या घरांचा नियम. मधल्या वेळेतून पाऊण तास काढायचा, पावणेपाच ते साडेपाच. तो वेळ मोकळा नव्हताच. त्या वेळी प्रत्येकीच्या घरी कुणीतरी तिची वाट पाहत होते.

मी पालकांची सभा बोलावली. वडील आले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली, "बाजी, चांगला विचार आहे" म्हणाले आणि निघून गेले. एकानेही संमतिपत्रावर सही केली नाही. मी खट्टू झाले. मग माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी कोण भरतं ते बापांना काय ठाऊक? आयांना बोलाव."

आया आल्या त्या पदराला हात पुसतच. त्या मात्र मान डोलावून गेल्या नाहीत. त्यांनी मला दीड तास धारेवर धरले. 'पोरीचा पाय मोडला तर उद्या तिला कोण पत्करणार?' 'रस्त्यावरून येणारे-जाणारे बघतील त्याचं काय?' 'डोक्यावरची ओढणी कशी राहील?' एक दादी काठी टेकत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा बायकांचा खेळच नव्हे."

मी दादींना सांगितले, की असे म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. इंग्लंडमध्ये १९२० सालच्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या मैदानावर बायकांचा सामना पाहायला ५३,००० माणसे जमली होती. पुढच्याच वर्षी तेथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवले आणि आपल्या सदस्य संघांच्या मैदानांवर त्यांना मज्जाव केला. तो उठायला १९७१ साल उजाडले. दादींनी बोटांवर हिशेब केला आणि विचारले, "पन्नास वर्षं? मग त्या बायकांनी काय केलं?" मी म्हटले, "दुसऱ्या मैदानांवर खेळत राहिल्या." दादी काही बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

ओढणीच्या प्रश्नाला माझ्याजवळ एक छायाचित्र होते. मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिचे. डोके झाकून खेळायला जागतिक फुटबॉलमध्ये २०१४ साली रीतसर परवानगी मिळाली. ३० जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात अॅडलेडला विश्वचषकाच्या सामन्यात ती हिजाब घालून उतरली. मोठ्या स्त्रियांच्या विश्वचषकात असे प्रथमच घडत होते. त्या दिवशी मोरोक्कोने दक्षिण कोरियाला १-० असे हरवले. छायाचित्र हातोहात फिरले. एका आईने विचारले, "आणि आपल्या देशातल्या पोरी?" मी सांगितले, की ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. त्या दोन्ही गोल करणाऱ्या संगीता बासफोरचे नाव आयांनी मला दोनदा उच्चारायला लावले.

मुंब्र्याचीही गोष्ट मी सांगितली. ठाणे जिल्ह्यातल्या मुंब्र्यात २०१२ साली 'परचम' या संस्थेने मुलींचा फुटबॉल सुरू केला. सबा खान तिच्या संस्थापकांपैकी एक. परचम म्हणजे झेंडा, हे तुम्हांला मी सांगायला नको. तेथे हिंदू आणि मुस्लिम मुली एका संघात खेळल्या. मैदान सदा मुलांच्या ताब्यात, म्हणून मुलींनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींपर्यंत नेली. आयांनी हे सारे कौतुकाने ऐकले. मग मागच्या रांगेतली एक आई म्हणाली, "बाजी, मैदान तर आपल्या शाळेला आहेच की. आमच्याकडं वेळ नाही. हळदीचं काम लागलं की मी अंधार पडल्यावर येते. लहानग्याला कोण बघणार?"

ती त्या 'खेळवते' लिहिणाऱ्या मुलीची आई होती.

तेव्हा माझ्या टाचणात भर पडली. धाकटी भावंडे बरोबर आणायला परवानगी. मैदानाच्या कडेला लिंबाखाली सतरंजी, आणि त्या दिवशी न खेळणाऱ्या दोन मुली पाळीपाळीने त्यांच्याजवळ. पाण्याच्या नळाची पाळी असेल त्या दिवशी सराव नाही, म्हणून फक्त सोमवार आणि गुरुवार. रमजानमध्ये सुटी. बूट नसले तरी चालेल, पण मग सगळ्याच अनवाणी, कारण बुटाखाली उघडा पाय सापडला तर बोट चेंगरते. मैदानातले खडे वेचण्याचे काम मुलांकडे. त्यांचे क्रिकेट दोन दिवस बंद पडणार म्हणून ते रुसले होते. "बाजी, आम्ही कुठं खेळायचं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना मुलींच्या निबंधाच्या वह्या वाचायला दिल्या. एकाने आपल्या बहिणीची वही वाचली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी खडे वेचायला तो सर्वांत आधी आला. बाकीचे मात्र अजून कुरकुरतात.

येत्या सोमवारी सुरुवात आहे. कपाटातला एक आणि नवे दोन, असे तीन फुटबॉल तयार आहेत. गोलखांबांच्या जागी विटा मांडायच्या, हद्दीच्या खुणांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. यादीत चौदा नावे झाली आहेत. तेरा नावे शाईने लिहिली आहेत, कारण त्यांची संमतिपत्रे आली. चौदावे पेन्सिलीने लिहिले आहे. काल तिच्या आईला मी घरी जाऊन भेटले. ती चुलीपुढे बसली होती, लहानगा मांडीवर होता. "हळद निघेपर्यंत तरी पाठवते," ती म्हणाली, "पुढचं पुढं बघू." मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. मी निघाले तेव्हा तिने हळूच विचारले, "बाजी, सतरंजी घरून आणू?"