दारात ट्रॅक्टर आला

आमच्या भालकी भागातल्या काळ्या रानात नव्या ट्रॅक्टरचे कौतुक पहिल्या झडीपर्यंतच टिकते, असे जुने लोक म्हणतात. दोन वर्षांमागे दारात 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आला आणि या म्हणण्याचा पडताळा घरबसल्या मिळाला.

कौतुकाचे दिवस खरोखरच गोड होते. पहिले 50 तास यंत्राला जड कामाला जुंपायचे नाही, मग तेल बदलायचे, हा नियम आम्ही नव्या जावयाचा मान राखावा तसा पाळला. पुढे बैलांना आठवडा लागणारी मोगडणी दिवसात उरकली. हरभरा निघाल्यावर तापल्या रानात नांगर लागला, तेव्हा माठाएवढी ढेकळे उलटली. मुलगा म्हणाला, "अण्णा, आता बैल विकून टाकू."

जुना सालगडी तेवढा गप्प होता. "मामा, बोला की!" म्हटल्यावर म्हणाला, "गुरुजी, दोन टनाचं धूड हाय. खालची माती दबती की."

मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. 1903 च्या सुमारास त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. तो भ्रम होता. मामांचे बोलणे मात्र भ्रम नव्हे. ओली काळी माती जड चाकाखाली दबते, नांगराच्या तळाखाली टणक थर धरतो. पाणी मुरत नाही आणि तुरीची मुळे खोल जात नाहीत. शिवाय यंत्र डिझेल पिते, पण उकिरड्यात पाटीभर शेणाची भर घालत नाही.

त्या पावसाळ्यात झड लागली. ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला. उघडीप मिळताच, ट्रॅक्टरजोगा वाफसा येण्याआधी, बैलांनी कोळपे ओढले. तेव्हा घरात ठरले: नांगरट, मोगडणी, वाहतूक ट्रॅक्टरची, कोळपणी बैलांची, ओल्या रानात चाक घालायचे नाही. मुलाने कडबा, सालगड्याचे साल आणि बँकेचा हप्ता यांची बेरीज पुढे ठेवली. बेरीज बरोबर होती. मी एवढेच म्हटले, "हप्ते संपतील बाबा. माती पुन्हा कोण देणार?"

आता खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार पडतो आणि कारहुणवीला बैलांना. पण मामांचे वय झाले. परवा दहावीच्या वर्गात विचारले, कोळपे कोणी धरले आहे? 40 मुलांत 2 हात वर आले. बैल मी ठेवले आहेत. त्यांच्यामागे चालणारा कोठून आणू?