पूर्व लॉस एंजेलिसमधली एक शाळा

लॉस एंजेलिस म्हटले की आपल्याला हॉलीवूड आणि समुद्रकिनारा आठवतो. पण शहराच्या मध्यभागातून मेट्रोच्या ई मार्गाने पूर्वेकडे निघाले, की नदी ओलांडताच वेगळीच वस्ती सुरू होते. दुकानांवरच्या पाट्या स्पॅनिशमध्ये दिसू लागतात. मारियाची प्लाझा नावाच्या चौकात वाजंत्री मंडळी, लग्न-वाढदिवसाचे बोलावणे येईल म्हणून वाट पाहत थांबतात. आपल्याकडचे बँडवाले आठवावेत, अगदी तसेच. पुढे अटलांटिक स्टेशनवर उतरून थोडे चालले, की गारफिल्ड हायस्कूल लागते. शाळा आजही भरते, त्यामुळे प्रवाशाने ती बाहेरूनच पाहावी. या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका मास्तरांची आठवण साऱ्या अमेरिकेने जपली आहे.

त्यांचे नाव हाइमे एस्कलांते. जन्म १९३० चा, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचा. आई-वडील दोघेही शिक्षक. स्वतः हाइमे तिथे बरीच वर्षे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत आले, तेव्हा इंग्रजी येत नव्हते आणि मायदेशीच्या पदवीला इथे किंमत नव्हती. हॉटेलात साफसफाई करत त्यांनी भाषा शिकली आणि पुन्हा पदवी घेतली. पुढे संगणक कंपनीतली बऱ्या पगाराची नोकरी सोडून १९७४ मध्ये ते गारफिल्डमध्ये मास्तर झाले.

शाळेतली मुले बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. या मुलांना मोठे गणित झेपणार नाही, त्यांनी हातचे एखादे काम शिकावे, असे बाहेरचे लोक धरूनच चालत. १९६८ मध्ये याच वागणुकीविरुद्ध या भागातली हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. त्यात गारफिल्डचीही मुले होती.

एस्कलांते सरांनी ठरवले की ही मुले कॅल्क्युलस शिकतील. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची परीक्षा देतील. सर शाळा भरण्याआधी शिकवत, सुटल्यावर शिकवत, सुट्टीतही वर्ग घेत. अभ्यास करीनच, अशा कागदावर मुलाची आणि पालकाचीही सही घेत. ‘गानास’ हा त्यांचा आवडता स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ मनापासूनची ओढ. हुशारी नसली तरी चालेल, ओढ हवी, असे ते मानत.

१९८२ मध्ये त्यांची अठरा मुले ही परीक्षा उत्तीर्ण झाली. आनंद फार दिवस टिकला नाही. काही उत्तरांतल्या चुका सारख्या दिसल्या, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेला शंका आली आणि तिने चौदा मुलांच्या निकालावर बोट ठेवले. वस्तीत संताप उसळला. श्रीमंत वस्तीतल्या शाळेला हे विचारले असते का, असा प्रश्न लोक करू लागले. प्रश्न रास्त होता. पण मुलांपुढे वाट एकच होती, ती म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणे. बारा जण बसले. बाराही उत्तीर्ण झाले.

१९८८ मध्ये यावर ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला. पडद्यावर सारे झटपट घडते. प्रत्यक्षात १९७४ ते १९८२ अशी आठ वर्षे गेली. पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक होता, सोबतीला दुसरे गणित शिक्षक होते. सगळेच गोड झाले असेही नाही. सहकाऱ्यांशी मतभेद वाढले आणि १९९१ मध्ये सरांनी गारफिल्ड सोडले. काही वर्षे सॅक्रामेंटोत शिकवून ते निवृत्त झाले आणि २००१ मध्ये बोलिव्हियात परतले.

पुढे कर्करोगाने गाठले. उपचारांचा खर्च मोठा होता. तेव्हा चित्रपटात त्यांची भूमिका करणारे एडवर्ड जेम्स ओल्मोस आणि जुने विद्यार्थी मदत गोळा करायला पुढे आले. ३० मार्च २०१० रोजी सर गेले. निरोपासाठी त्यांचे पार्थिव गारफिल्डमध्येच आणले गेले. ज्या वर्गात त्यांनी कॅल्क्युलस शिकवले, तिथे त्यांचे शिष्य पुन्हा जमले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

या शाळेसमोरून जाताना आपल्या घरातल्या मुलांचा विचार मनात येतो. मूल अपेक्षेपेक्षा जास्त गुण घेऊन आले, तर जग कदाचित आधी शंका घेईल. निदान घराने आणि शाळेने तसे करू नये. शंकेला उत्तर द्यायची वेळ आलीच, तर मूल पुन्हा, निर्धास्तपणे परीक्षेला बसू शकेल इतकी तयारी त्याच्यापाशी असावी. एस्कलांते सरांनी आपल्या मुलांना ती दिली होती.