चार गावं, चार निकाल

पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉलचा क्लब मी कधी मैदानावर पाहिलेला नाही. तरी त्याची होतकरू पोरं काल कुठल्या गावात कशी खेळली, हे दुकानाचं शटर वर करताना मला साधारण कळलेलं असतं. राहात्यात नगर-मनमाड रस्त्यालगत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या शेतकऱ्याला मोटार कधी मिळणार एवढ्याशीच मतलब असतो, त्यामुळे बेसबॉलचं मी फारसं कुणाला सांगत नाही.

हे खूळ भाच्यामुळे लागलं. तो इंडियानापोलिसला नोकरीला आहे. तिथला ‘इंडियन्स’ हा संघ पायरेट्सच्या लगेच खालची पायरी. त्यांचा सामना संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजलेले असतात. मी चहा घेऊन उठेपर्यंत भाच्याचा मेसेज येतो. इंडियानापोलिस, आल्टूना, ग्रीन्सबरो, ब्रेडेंटन : चार गावं, चार निकाल, आणि प्रत्येकाखाली दोन-तीन पोरांची नावं. कोणी किती चेंडू टाकले, कोणी कितीदा हवेत बॅट फिरवली. ग्रीन्सबरोच्या संघाचं नाव तर चक्क ‘नाकतोडे’ आहे. मोठ्या लीगचे 30 क्लब, प्रत्येकाच्या हाताखाली असे चार संघ, म्हणजे एकूण 120. 2021 पासून अशी मांडणी आहे. एप्रिल ते सप्टेंबर, मंगळवार ते रविवार, रोज सामना. सोमवारी सुट्टी.

मला भुरळ पडली ती या ‘रोज’ची. काल शून्य केलेलं पोरगं आज पुन्हा उभं असतं, उद्याही असतं. एका दिवसावरून कोणी त्याला डोक्यावर घेत नाही की पायदळी तुडवत नाही.

2024 च्या एप्रिलात भाचा पॉल स्कीन्स नावाच्या पोराचं सांगून सांगून माझं डोकं खायचा. आदल्या वर्षीच्या निवडीत पायरेट्सनी सगळ्यांत आधी उचललेला हा उंचापुरा गोलंदाज. त्यांच्या भाषेत पिचर. ताशी 160 किलोमीटरच्या वर चेंडू फेकायचा. आपल्याकडे असा कोणी निघाला असता तर दुसऱ्या दिवशी भारताची टोपी द्या म्हणून ओरड झाली असती. ओरड तिथेही झालीच. पण क्लबने सुरुवातीला त्याला तीन-तीन डावच टाकू दिले, मग हळूहळू वाढवले. सात सामन्यांनंतर, 11 मे रोजी, त्याला वर बोलावलं. त्या वर्षी तो त्याच्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 मध्ये सर्वोत्तम पिचर. भाचा म्हणाला, “मामा, खांदा त्याचा, पण हिशेब क्लबचा.”

याच पायरेट्सनी नोव्हेंबर 2008 मध्ये आपल्या दोन पोरांनाही करारबद्ध केलं होतं. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. जोरात चेंडू फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले. तोवर दोघांनी हातात बेसबॉलही धरलेला नव्हता. 2009 मध्ये ते फ्लोरिडात सगळ्यांत खालच्या पायरीवर उतरले. दिनेशला 2010 च्या अखेरीस सोडून दिलं. रिंकू दोन पायऱ्या चढला, मग कोपर गेलं, आणि तो पुढे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीत शिरला. त्यांच्यावर 2014 मध्ये हॉलीवूडचा सिनेमा आला. मला तो काही फार पटला नाही. सिनेमात निवड होते तिथेच जिंकल्यासारखं वाजवतात, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढे सुरू होते.

स्कीन्स वर गेला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी महाराष्ट्राच्या क्रिकेटचा तक्ता सुरू केला. जुन्या खतावणीची मागची पानं कोरी होती, त्यांवर चार रकाने आखले. आपल्याकडेही पायऱ्या चारच निघाल्या : सोळा वर्षांखालच्यांची विजय मर्चंट ट्रॉफी, एकोणीसखालच्यांची कूचबिहार, तेविसाखालच्यांची सी. के. नायडू, आणि वर रणजी. ऑक्टोबरपासून सामने सुरू होतात आणि नेमक्या त्याच वेळी रब्बीचं पाणी सुरू होऊन मोटारी जळायला लागतात. दुकानात उभं राहायला जागा नसते. स्कोअर बघायचा तो जेवताना, नाहीतर वाइंडिंग वाळत टाकल्यावर.

रकाने चार असले तरी जिना तोच नाही, हे पहिल्याच मोसमात ध्यानात आलं. तिथे पोरगा वर जातो तो खेळावर. एकोणीस वर्षांचा आणि सत्तावीस वर्षांचा एकाच संघात, एकाच बसमध्ये. आपल्याकडे त्याला वर ढकलतं वय. सोळाखालच्यांत तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय मोजतात. एकोणीस संपले की कितीही धावा केलेल्या असोत, तो रकाना बंद. पुढच्या रकान्यात नाव दिसलं तर दिसलं. पहिल्या वर्षी मी लाल पेनाने अधोरेखित केलेली किती नावं दुसऱ्या वर्षी कुठेच नव्हती. ती पोरं कुठे गेली, याचा मेसेज कोणी पाठवत नाही. क्लबचा पोरगा निदान ‘सोडला’ म्हणून तरी जाहीर होतो.

मोठ्या आकड्यांवरचा माझा भरवसाही या खतावणीने घालवला. महाराष्ट्राच्या फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी भाऊसाहेब निंबाळकरांची, नाबाद 443. 1948 मध्ये, पुण्यात, काठियावाडविरुद्ध. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाताशी आला होता, तर समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. जालन्याच्या विजय झोलने डिसेंबर 2011 मध्ये कूचबिहारमध्ये आसामविरुद्ध नाबाद 451 केल्या. पुढे 2014 च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. रणजी खेळला, आयपीएलच्या संघातही गेला. भारताच्या मुख्य संघापर्यंत मात्र पोहोचला नाही. म्हणजे आपल्या राज्यातल्या या दोन अचाट खेळ्या, आणि दोघांनाही शेवटचं दार उघडलं नाही. मीटरवर मोटार कितीही चांगली दाखवली तरी विहिरीत सोडून लोडवर घेतल्याशिवाय तिचं खरं कळत नाही, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो.

उलट उदाहरण अगदी शेजारचं आहे. अजिंक्य रहाणेचा जन्म आश्वी खुर्दचा, संगमनेर तालुक्यातला. इथून लोणीवरून गेलं की आश्वी. 2007 मध्ये तो मुंबईकडून प्रथम श्रेणी खेळायला लागला, पुढच्याच रणजी मोसमात हजारावर धावा केल्या, आणि पहिली कसोटी मिळाली ती मार्च 2013 मध्ये, दिल्लीत. त्याआधी वर्षाहून अधिक काळ तो संघासोबत फिरत, पाण्याच्या बाटल्या देत होता. आमच्याकडे मेलबर्नचं शतक सगळ्यांना पाठ आहे, ही मधली वर्षं कोणाच्या बोलण्यात येत नाहीत.

रहाणे वाढला डोंबिवलीत. श्रीरामपूरचा झहीर खान सतरा-अठराच्या वयात मुंबईला गेला, तिथून चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत, आणि रणजी खेळला बडोद्याकडून. कसोटीत 311 बळी घेतले, 2011 चा विश्वचषक जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. पण आमचा जिल्हा ज्या संघटनेत येतो त्या महाराष्ट्राच्या रकान्यात या दोघांपैकी एकाचंही नाव कधी लिहिता आलं नसतं. आमच्या बाजूला खेळाचं भलं व्हायचं तर आधी गाव सोडायचं, हे जणू ठरलेलंच होतं.

आता खतावणीत गावं वेगळी दिसतात, आणि खरं सांगायचं तर रात्री दहाला स्कोअर उतरवायचा उत्साह त्यामुळेच टिकलाय. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी, तुळजापूरकडचा राजवर्धन हंगरगेकर, बीडचा सचिन धस. धसच्या वडिलांनी तेंडुलकरवरून पोराचं नाव ठेवलं. 2024 च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत 4 बाद 32 असताना तो आला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 करून गेला. त्या रात्री दुकानात दोघे-तिघे थांबले होते, एकाची मोटार तशीच उघडी पडली होती. अर्शिनने 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात 54 चेंडूंत 117 केल्या आणि त्याच सामन्यात चार गडीही टिपले. त्याचंच नाव मी 15 ऑक्टोबर 2025 ला रणजीच्या रकान्यात लिहिलं, पुढे शून्य. तिरुअनंतपुरममध्ये केरळविरुद्ध महाराष्ट्राच्या फलकावर एक धावही नव्हती आणि तीन गडी गेले होते. पृथ्वी शॉही शून्यावर. 5 बाद 18 वरून ऋतुराज गायकवाडच्या 91 आणि जलज सक्सेनाच्या 49 धावांनी डाव 239 पर्यंत ओढला. भाच्याला कळवलं तर त्याचं उत्तर : “उद्या परत आहेच ना मामा?” त्याला म्हटलं, बाबा, चार दिवसांच्या सामन्यात सलामीवीर एकदा गेला की दुसऱ्या डावापर्यंत बसूनच राहतो. आणि लीगमध्ये असे मोसमाला मोजून सात सामने. तुमच्याकडे एवढे आठ दिवसांत होतात.

हा फरक मला फार मोठा वाटतो. पोराला चुकायला जागाच नाही. दोन वाईट दिवस म्हणजे मोसमाचा मोठा तुकडा गेला.

आमच्या गल्लीतला एक पोरगा या वर्षी सोळाखालच्या जिल्हा संघात आलाय. लेगस्पिन टाकतो. वडील शिर्डी-शिंगणापूर गाडीवर आहेत. राज्याच्या खालच्या या जिल्ह्यांच्या सामन्यांचे निकाल पेपरात आले तर कोपऱ्यात दोन ओळी, नाहीतर नाही. म्हणून मी पाचवा रकाना आखला. त्याची बातमी वडीलच पुरवतात. परवा शिंगणापूरच्या पार्किंगमधून फोन आला. “दादा, पोराला सात ओव्हर दिल्या. बावीस रन, एक विकेट.”

“वाइड किती?”

पलीकडे थोडं थांबले. “ते पण लिहिता का?”

“लिहावं लागतं.”

“पाच.”

लिहिले.